गजावरची मधली खूण

गोंदियात कार्तिक लागला की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक काळी राख बसायला लागते. राइस मिलची राख. नवा धान आला, भट्ट्या पेटल्या, हे ती कॅलेंडरच्या आधी सांगते. शेजारच्या भाभी पलीकडून ओरडतात, "दीदी, कपडे उतार लो, सब काला हो जाएगा," आणि मी "हाँ, हाँ" म्हणत तिथेच उभी राहते. मी शाळेत मराठी शिकवते आणि गल्लीत दिवसभर हिंदी बोलते, त्यामुळे माझी जीभ कुठलीच धड राहिलेली नाही. पण त्या राखेत बोट फिरवलं की मी गच्चीवर नसते. देवरीच्या पुढं, चिचगडच्या अलीकडं, आमच्या बोडीच्या पाळीवर उभी असते आणि खाली उशिरा पिकणारा भारी धान पिवळा पडत असतो.

बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, पाळ म्हणजे त्याचा बांध. आम्ही कोहळी समाजाचे. पूर्वजांनी तलाव बांधले म्हणून अजून मिशीला पीळ देतो, आणि पाणी आधी कुणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, जायचं यावरून दर पावसाळ्यात एकमेकांच्या अंगावर जातो. बोडीखाली आमच्या धानाच्या बांध्या आणि बांध्यांना लागून जंगल. मध्ये काही नाही. लोंबी भरली की त्या जंगलातून रानडुकरं येतात. खातात कमी, लोळतात जास्त. सकाळी बांधीत गेलं की उभं पीक आडवं झालेलं असतं, आणि ते बघून माझे बाबूजी डुकरांच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करायचे.

परवा वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. आता त्या घरात ती एकटी असते. म्हणाली, "बाई, आले पाहा पाहुने. खालची बांधी तुडवून राहिले."

"मग तू काय करून राहिली?"

"डबा वाजवून राहिली. दुसरं काय?"

शेजारच्यांनी तारेत वीज सोडणारी झटक्याची मशीन लावली आहे, कुणी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जुन्या साड्या ताणल्या आहेत. वहिनीला सगळे सांगून थकले, मशीन घे. ती घेत नाही. दिवस कलला की तेलाचा रिकामा डबा घेऊन पाळीवर जाते आणि दांडक्यानं बडवत बसते. लोक हसतात. डुकरंही हसत असतील. मला मात्र हसू येत नाही, कारण ती डबा का वाजवते ते मला माहीत आहे.

आमच्या घरी आधी बंदूक होती. आजोबांच्या वेळची, पीक राखण्यापुरत्या परवान्याची भरमार बंदूक. भरमार तोंडातून भरतात. आधी दारू, तिच्यावर चिंधीचा बोळा, त्यावर शिशाचे छर्रे आणि ते सांडू नयेत म्हणून वरून आणखी एक बोळा. हे सगळं लोखंडी गजानं नळीत खाली बसवायचं. किती खाली, यातच सगळी गोम.

माझा एक मामेभाऊ काडतुसांच्या कारखान्यात होता. दिवाळीला आला की ऐट मारायचा. काडतुसात गोळी किती खोल बसायला पाहिजे ते त्यांच्याकडं डाय नावाचा एक पोलादी साचा ठरवतो, आणि ती डाय मशीनवर लावायचं काम त्याचं. जरा खाली गेली तर गोळी जास्त आत, जरा वर राहिली तर गोळी बाहेर, केसाएवढा फरक पडला तरी माल बाद. डोळे बारीक करून, चिमटीत हवा धरून तो हे सांगायचा. बाबूजी सगळं ऐकून घ्यायचे आणि मग आपला अंगठा त्याच्या नाकासमोर धरायचे. "आमची डाय हे," म्हणायचे. "सरकारनं नाई देल्ली, बापानं देल्ली."

आणि तो अंगठा खरंच डाय होता. गजावर कानशीनं तीन खुणा पाडलेल्या होत्या. गज नळीत सोडायचा, टेकला की नळीच्या तोंडाशी अंगठा घट्ट धरायचा, तसाच गज बाहेर काढायचा आणि अंगठा कुठल्या खुणेवर आहे ते बघायचं. सगळ्यात वरच्या खुणेवर असेल तर बंदूक रिकामी, गज तळापर्यंत गेला. सगळ्यात खालच्या खुणेवर असेल तर आत शिसं आहे. या दोन्हींच्या मध्ये एक खूण होती, नुसती दारू आणि एक बोळा. त्या खुणेला आमच्या घरात आवाजाची खूण म्हणत. त्यानं कुणी मरत नाही, फक्त पळतं.

भरायच्या आधी गज घालून बघायचा हा आमच्या घरचा कायदा. बाबूजींचे काका एकदा तो विसरले. बंदूक भरलेली होती, त्यांना वाटलं रिकामी आहे, त्यांनी वरून पुन्हा भरली. नळी फाटली. त्यानंतर ते काका जेवताना डाव्या हातानं घास घ्यायचे आणि लहानपणी मला वाटायचं की ते लाडावलेले आहेत. भरमार असलेल्या घरातच होऊ शकते अशी ही चूक, आणि तिची भीती आमच्या हाडांत मुरलेली होती. दसऱ्याला बंदुकीला तेल लावून, कुंकू लावून झालं की बाबूजी मला आणि दादाला अंगणात बसवून रिकाम्या नळीत नुसता बोळा टाकून गज घालायला लावायचे. "दाबाचं नाई," म्हणायचे, "बसवाचं. मधात हवा रायली नाई पायजे." बोळा नीट बसला की वरून सोडलेला गज टणकन उसळतो. बसला नसेल तर मुका राहतो. मी घाई करायची. दादा सावकाश, कान देऊन, जणू नळीच्या तळाशी कुणी झोपलं आहे आणि त्याला उठवायचं नाही अशा बेतानं गज सोडायचा. बाबूजी माझ्याकडं बघून मान हलवायचे आणि दादाकडं बघून काही बोलायचे नाहीत. ती त्यांची शाबासकी होती.

माझा दादा हळू माणूस होता. हळू बोलायचा, हळू जेवायचा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मला म्हणाली, "बाई, तुमचे भाऊ 'बरं' म्हनाले बी सकाळपासून संध्याकाळ लावते." पण एकदा "बरं" म्हणाला की ते झालंच असं धरून चालायचं. बाजारातून रिबन आण म्हटलं, "बरं." मला शिकायला गोंदियाला पाठवा असं त्यानं बाबूजींना सांगावं म्हणून मी त्याच्या मागं लागले, तेव्हाही "बरं" एवढंच म्हणाला, आणि मी आज शाळेत आहे.

आमच्याकडं बाई पोटुशी असली की तिचा नवरा जीव घेत नाही. कोंबडी कापत नाही, मासळी धरत नाही, बंदुकीत शिसं भरत नाही. वहिनीला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा धान पिवळाच होता. दादानं शिसं डब्यात घालून डबा फळीवर ठेवून दिला आणि तो मधल्या खुणेवर आला. ते मूल राहिलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच झालं. मग गोंदियाचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले, देवरीकडचा एक वैदूही झाला. वर्षं जात राहिली आणि दादा काही खालच्या खुणेवर परत गेला नाही.

मी एकदा त्याला विचारलं होतं. रीत तर दिवस राहिल्यावरची आहे, तू दरसालच काऊन आवाजाची भरतो? तो पाळीवर बसून गज पुसत होता. त्यानं तिन्ही खुणांवरून चिंधी फिरवली. मग म्हणाला, "ते येते तवा सांगून येते का? आपल्याले समजाच्या आधीच येऊन बसते. तेवढ्यात आपन शिसा भरला असला तं?"

त्याचं हे बोलणं मी वर्गात मुलांना कधी सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. पण माझ्या पोरीच्या वेळी मला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो दादाच, पाळीवर गज पुसणारा.

गावात त्याची चेष्टा व्हायची. भाऊचा नेम गेला, डुकरं त्याला ओळखतात, राम राम घालून पुढं जातात. तोही हसायचा. "डुकरायच्या कानाचा इलाज करून राहिलो," म्हणायचा. खरं फक्त घरात माहीत होतं. बाबूजी असेपर्यंत त्यांनाही न सांगता कळलेलं होतं. आतल्या खोलीत पडल्या पडल्या बार ऐकून ते सांगू शकत, शिसं होतं की नव्हतं. शिशाचा आवाज कोरडा असतो आणि नुसत्या दारूचा ढिला. ते ऐकायचे आणि कुशीवर वळायचे. नातवाबद्दल त्या घरात कुणी याहून जास्त बोललं नाही.

मग तो उन्हाळा आला, ज्याच्या पुढच्या कार्तिकाबद्दल मी हे सगळं लिहीत आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी आता मुलाचा प्रयत्न नको म्हणून सांगितलं. वहिनी परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली आणि घरी आल्यावर पहिली गोष्ट बोलली ती बंदुकीची. हे तिनं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "अजी, आता पुरे. मी आता वाट नाई पाहत. तुमी बी नका पाहू. या साली शिसा भरा."

दादा म्हणाला, "बरं."

दसऱ्याच्या आधी वहिनीनं जुन्या लुगड्याचे बोळे फाडले. बोळे दरसाल तीच करायची, पण आवाजाला एकच लागतो म्हणून सुटे करायची. त्या वर्षी तिनं ते दोन-दोन जोडीनं दोऱ्यात बांधले, कारण शिशाला दोन लागतात. बांधताना रडली नाही म्हणे. कातडी बटव्यात भरून त्याच्या हातात दिले. त्यानं बटवा घेतला आणि कमरेला अडकवला.

भाऊबीजेला मी गेले होते. संध्याकाळी दादा बांधीकडं गेला होता आणि मी चुलीपाशी वहिनीबरोबर चिवड्याला पोहे भाजत होते. बार ऐकू आला. मला तो ढिला वाटला. म्हटलं, नेहमीसारखी आवाजाचीच भरली असेल. वहिनी कढईतच बघत होती. तिला आवाजातलं कळत नाही, ती दुसऱ्या गावची. तिनं फक्त विचारलं, "लागलं असल का हो बाई, कोनाले?" आणि तिच्या आवाजात डुकराची काळजी होती की आणखी कशाची, ते मला तेव्हा समजलं नाही.

थोड्याच दिवसांत कापणी लागली. दुपारची जेवणं होऊन बाया पुन्हा विळे घेऊन उतरल्या होत्या. दादा धुऱ्यावर कापलेल्या धानाच्या कडप्यांशेजारी बसला, पाण्याची बाटली मागितली, आणि बाटली हातात आली तेव्हा तो ती धरत नव्हता. एवढंच झालं. हळू माणूस, गेला मात्र असा. मला शाळेत फोन आला तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते आणि ते वाक्य मी पुरं केलं. का केलं कोण जाणे. बसमध्ये देवरीपर्यंत मी शेजारच्या बाईला माझा भाऊ बरा नाही असं सांगत होते, गेला असं तोंडातून निघत नव्हतं. आजही कुणी भावाबद्दल विचारलं की मी आधी "आहे" म्हणते आणि मग मला आठवतं.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. मग गावचे पोलीस पाटील आले. दादाबरोबर शाळेत होते ते, आम्ही त्यांना पाटीलभाऊ म्हणतो. ओसरीवर बसले, चहा घेतला, खुंटीवरच्या बंदुकीकडं बघितलं, नजर काढली, पुन्हा बघितलं. शेवटी म्हणाले, "परवाना त्याच्या नावाचा होता. आता ठाण्यात जमा कराव लागते. भरली हाये का?"

भरलेली होती. जायच्या आदल्या संध्याकाळी दादानं भरली होती आणि डुकरं आली नाहीत म्हणून तशीच आणून टांगली होती. ठाण्यात भरलेली बंदूक घेत नाहीत.

"द्या इकडं," पाटीलभाऊ म्हणाले. "आभायात वाजवून टाकतो, काम झालं."

"नाई," वहिनी म्हणाली. तेरा दिवसांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "आधी बाईले गज घालून पाहू द्या."

मला आत बोलावून तिनं दार लोटलं. मग तिनं मला त्या उन्हाळ्याचं, गाडीचं, "पुरे"चं आणि बोळ्यांच्या जोड्यांचं सगळं सांगितलं. भांड्यांच्या मांडणीला टेकून, खाली बघत, सलग. शेवटी म्हणाली, "शिसा असल तं बरं होईल, बाई. त्यायनं माहं ऐकलं असं होईल. दोघंबी थांबलो असं होईल. मी एकटीच थांबली आणि ते तिकडं पाळीवर एकटेच वाट पाहत बसले, असं नको."

मला तो ढिला बार आठवला होता. देवाला कधी काही मागत नाही मी, पण अंगणात बंदूक हातात घेताना मागितलं. शिसं असू दे. लहानपणी दादा रिबन विसरून येऊ नये म्हणून मागायची तसं मागितलं.

उन्हाचं अंगण होतं. पाटीलभाऊंनी टोपी उतरवून बाजूला ठेवलेली, बंदुकीच्या घोड्याखालची, बार पेटवणारी टोपीही आधीच काढून खिशात टाकलेली. मी नळी उभी धरली आणि गज सावकाश सोडला, दादा सोडायचा तसा. टणकन उसळला. किती सुरेख बसवलं होतं त्यानं. मधात जराही हवा नव्हती. ते ऐकून मला रडू फुटलं, बाकीचं कळायच्या आधीच. नळीच्या तोंडाशी अंगठा धरला, गज बाहेर काढला आणि बघितलं.

अंगठा मधल्या खुणेवर होता.

वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होती, गजाकडं नाही. "सांगा ना, बाई."

"आवाजाची आहे," मी म्हटलं.

तिनं गज माझ्या हातातून घेतला. खुणेवर नख फिरवलं. मग आत जाऊन बटवा घेऊन आली आणि पायरीवर बसून पदरात उलटा केला. काही जोड्या तिनं बांधल्या होत्या तशाच होत्या. बाकी सगळे सुटे बोळे. दर वेळी त्यानं एक जोडी सोडली होती, एक बोळा वापरला होता आणि दुसरा जपून परत ठेवला होता. म्हणजे पूर्ण हंगामभर. घरी येऊन तो बटवा तिच्यासमोर खुंटीला टांगायचा, जेवायचा, आणि ती समजायची की आता दोघांच्याही मनातून ते गेलं.

त्यानं खोटं बोलून तिला फसवलं असं मला कधीच वाटलं नाही. तिला वाट बघायचा जाच होऊ नये म्हणून तिच्या वाट्याचीही त्यानं एकट्यानं बघितली. पण तिच्यासाठी ते सोपं नव्हतं, अजूनही नाही. ज्या माणसाच्या शेजारी झोपायचं त्याची आशा जिवंत आहे हे तो गेल्यावर कळावं, आणि तेही गजानं सांगावं, याला काय म्हणायचं मला माहीत नाही. मी भाषा शिकवते आणि मला माहीत नाही.

पाटीलभाऊंना या सगळ्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "मंग काढू का वाजवू, वहिनी?"

वहिनी बोळे पुन्हा बटव्यात भरत होती. "वाजवा," ती म्हणाली. "वाजवालेच भरली होती त्यायनं."

त्यांनी खिशातली टोपी परत चढवली, बोडीकडं तोंड करून नळी वर धरली आणि चाप ओढला. पाळीवरचे बगळे उठले. गल्लीत कुत्री भुंकली, कुणाच्या तरी घरातलं लेकरू दचकून रडायला लागलं आणि त्याची आई त्याला काही तरी म्हणत आत घेऊन गेली. धूर अंगणात जरा वेळ राहिला, मग तोही पांगला.

बटव्याचं तोंड आवळून वहिनी त्या रडण्याच्या दिशेनं बघत होती.

"मले तं 'बरं' म्हनले होते," ती म्हणाली.